तिजोरीपेक्षा मोठे वायदे

मोबाइलवर एखादा लेख निम्मा वाचून झालेला असतो. तेवढ्यात फोन येतो. मग कुणी लग्नपत्रिका पाठवतो, ती उघडून पाहावी तो नातवाला फोटो काढायचा असतो. दहा मिनिटांनी आपण लेखाकडे परततो, तर तो पहिल्या ओळीपासून नव्याने उघडतो. कुठवर वाचले होते याचा मागमूस नाही. घरातली तरुण मंडळी म्हणतात, 'फोन जुना झाला.' आपण म्हणतो, 'चुकून बोट लागले असेल.' पुष्कळदा दोन्ही खरे नसते. आपली पाठ वळल्यावर फोनच्या आत एक निवाडा झालेला असतो. जागा अपुरी पडत होती, कुणाला तरी उठवणे भाग होते, आणि उठवण्यासाठी तुमच्या लेखाची निवड झाली.

हा निवाडा कोण करतो, कोणत्या नियमाने करतो आणि तो नियम कुणी लिहिला, हे समजून घेण्यासारखे आहे. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. उमेदीची सगळी वर्षे बँकेत अधिकारी म्हणून काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण संगणकाची मेमरी संपते तेव्हा आत काय घडते, हे वाचू लागलो तेव्हा मला ते परके वाटले नाही. हातात आहे त्याहून अधिक देण्याचे वायदे करायचे, ते बहुतेक दिवस निभवायचे, आणि निभत नाहीत त्या दिवशी कुणाला नाही म्हणायचे ते ठरवायचे, हा तर आमचाच धंदा.

निवाडा करणाऱ्याचे नाव कर्नेल. या इंग्रजी शब्दाचा साधा अर्थ दाणा. टरफल काढल्यावर आत राहतो तो. पडद्यावर आपल्याला दिसतात ती चित्रे, अक्षरे, खिडक्या हे सारे टरफल. आतला दाणा म्हणजे कर्नेल. प्रोसेसरचा वेळ कुणाला किती आणि मेमरी कुणाला किती, हे वाटप त्याच्या हाती. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने असा एक कर्नेल लिहायला घेतला आणि तो सर्वांसाठी खुला केला. तोच लिनक्स. २००८ मध्ये बाजारात आलेले अँड्रॉइड फोन याच लिनक्सवर उभे राहिले. म्हणजे भडगावच्या बाजारात भाजीवालीच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये ज्या जातीचा दाणा आहे, त्याच जातीचा पुण्याच्या सी-डॅकने उभारलेल्या आजच्या परम महासंगणकांतही आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळी यंत्रे लिनक्सवरच चालतात.

आता मेमरी म्हणजे काय ते पाहू. 'फोन भरला' असे आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फोटो, गाणी, चित्रफिती जिथे साठतात ती घरातली कोठी. ती १२८ जीबी, २५६ जीबी अशी ऐसपैस असते आणि फोन बंद केला तरी तिच्यातले सामान जागेवर राहते. मेमरी, जिला रॅम म्हणतात, ती वेगळी. ती म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. कोठीत धान्याच्या दहा कोठ्या असल्या तरी भाकरी थापायची, भरताची वांगी सोलायची, फोडणी करायची ती ओट्यावरच. ओटा कोठीपेक्षा नेहमी लहान. पण चालू काम सगळे त्याच्यावर. आणि फोन बंद झाला की ओटा पुसून कोरा.

कर्नेल हा ओटा लहान लहान चौकोनांत आखतो. एका चौकोनाला पान म्हणतात आणि बहुतेक यंत्रांत ते ४०९६ बाइटचे असते. देवनागरीचे एक चिन्ह साठवायला नेहमीच्या युनिकोड पद्धतीत ३ बाइट लागतात; काना, मात्रा, वेलांटी यांची चिन्हेही वेगळी मोजायची. म्हणजे एका पानावर साधारण साडेतेराशे चिन्हे मावतात. ४ जीबी मेमरीच्या फोनमध्ये अशी १० लाख ४८ हजार ५७६ पाने होतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण फोनमधला प्रत्येक प्रोग्रॅम हजारो पाने मागत असतो, आणि असे शेकडो प्रोग्रॅम एकाच वेळी जागे असतात.

इथून पुढे बँकेची गोष्ट सुरू होते. प्रोग्रॅम कर्नेलकडे अर्ज करतो: मला अमुक एवढी मेमरी हवी. कर्नेल सहसा लगेच 'मंजूर' म्हणतो. मात्र त्या वेळी तो हातात काहीच देत नाही. वहीत नोंद तेवढी करतो. प्रोग्रॅम त्या मंजूर जागेत पहिले अक्षर लिहायला जातो त्या क्षणी कर्नेल एक खरे पान काढून देतो. दुसऱ्या पानाला हात लागला की दुसरे. व्यापाऱ्याला १० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर झाली म्हणून शाखेत १० लाख बाजूला बांधून ठेवलेले नसतात, तसेच हे. मंजुरी वेगळी, उचल वेगळी.

असे का करायचे? कारण प्रोग्रॅम लिहिणारी माणसे सावध असतात; लागेल त्याहून जास्त मागून ठेवतात. शिवाय लिनक्समध्ये नवे काम सुरू करण्याची जुनी रीत अशी की चालू प्रोग्रॅम आधी स्वतःची हुबेहूब प्रत काढतो. कागदोपत्री मेमरी तत्काळ दुप्पट होते. प्रत्यक्षात दोघेही तीच पाने वाचत राहतात आणि दोघांपैकी कुणी ज्या पानात बदल करील तेवढ्याच पानाची वेगळी प्रत निघते. कर्नेलने प्रत्येक मंजुरीमागे रोकड बांधून ठेवायची म्हटली, तर निम्मी मेमरी रिकामी पडून असताना दारात आलेल्याला परत पाठवावे लागेल. म्हणून तो जवळ असलेल्या पानांपेक्षा जास्त पानांचे वायदे करतो. याला ओव्हरकमिट म्हणतात.

बँकिंगही याच आडाख्यावर उभे आहे. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत. १९८९ पासून पुढची काही वर्षे रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाण १५ टक्के ठेवले होते. १०० रुपयांच्या ठेवीमागे १५ रुपये रिझर्व्ह बँकेकडे, मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत, आणि उरलेले कर्जाऊ. शाखेच्या तिजोरीत रात्री किती रोकड राहू द्यायची याचीही मर्यादा असे. पासबुकात मात्र प्रत्येकाची रक्कम पूर्ण दिसायची. यात फसवणूक नव्हती. तसे केले नसते तर विहिरीला आणि पिकाला कर्ज मिळालेच नसते.

किती वायदे करायचे याबाबत लिनक्स यंत्र चालवणाऱ्यापुढे तीन पर्याय ठेवतो. पहिला नेहमीचा: जवळजवळ सगळ्यांना हो म्हणायचे, पण यंत्राच्या साऱ्या मेमरीहून मोठी अशी एकच उघड अचाट मागणी आली तर नाकारायची. दुसरा: कितीही मागा, हो. तिसरा कडक हिशेबाचा: एकूण वायद्यांना एक कमाल मर्यादा घालायची, आणि ती ओलांडणारी मागणी तोंडावर परत करायची. कडक पर्यायात शेवटचा अनर्थ बहुधा टळतो. त्याची किंमत रोज द्यावी लागते. सर्वांना नाही म्हणणाऱ्या शाखाधिकाऱ्याचे एकही कर्ज बुडत नाही, पण त्याच्या गावात नवे दुकानही उभे राहत नाही.

आता ओटा भरत चालला असे समजा. कर्नेल लगेच कुणाचा गळा धरत नाही. त्याने मोकळ्या पानांच्या तीन खुणा आखलेल्या असतात: वरची, खालची आणि अगदी तळाची. आम्हा भडगावकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या गावाजवळून गिरणा वाहते आणि उन्हाळ्यात आमचे डोळे वर नाशिक जिल्ह्यात १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या गिरणा धरणाच्या पातळीकडे लागलेले असतात. धरणाची एकूण क्षमता सुमारे साडेएकवीस टीएमसी. त्यातले ३ टीएमसी मृतसाठा, म्हणून वाटपासाठी साडेअठरा. कर्नेलच्या तळाच्या खुणेखालची पाने ही त्याचा मृतसाठा. एरवी त्यांना हात लावायचा नाही. ती त्याच्या स्वतःच्या निकडीसाठी.

मोकळी पाने खालच्या खुणेपर्यंत उतरली की कर्नेलचा एक पडद्यामागचा कामगार जागा होतो आणि वरच्या खुणेपर्यंत पाने मोकळी करीत सुटतो. कोठीतून आणलेली आणि न बदललेली पाने तो सरळ टाकून देतो. लागली तर पुन्हा आणता येतील. बदललेली पाने कोठीत नेऊन लिहितो. बराच वेळ कुणी न पाहिलेली पाने डिस्कवरच्या राखीव जागेत हलवतो, तिला स्वॅप म्हणतात. फोनमध्ये बहुतेक वेळा ती पाने दाबून, घडी घालून मेमरीतच एका कोपऱ्यात ठेवतात. थंडी संपल्यावर गोधड्या गाठोड्यात बांधतो तशी.

इथे घरोघरीच्या एका समजुतीबद्दल सांगतो. पुष्कळजण दर तासाला फोनमधली सगळी ॲप बोटाने वर सारून 'साफ' करतात. मोकळी मेमरी म्हणजे शिल्लक, असे त्यांना वाटते. कर्नेलचा हिशेब उलटा आहे. पडून राहिलेले पान त्याच्या लेखी वाया गेलेले पान. म्हणून तो पूर्वी उघडलेल्या गोष्टी ओट्यावरच राहू देतो आणि गरज पडली की क्षणात उचलतो. आपण उगाच साफ केले तर पुढच्या वेळी सारे सामान पुन्हा कोठीतून आणावे लागते; वेळही जातो आणि बॅटरीही.

एवढे करूनही मागणी थांबली नाही, तर एक विचित्र अवस्था येते. ज्या पानाला आत्ताच स्वॅपमध्ये पाठवले तेच कुणाला तरी हवे असते. ते आणायला दुसरे पाठवावे, तर दुसऱ्याचीही हाक येते. यंत्राचा सारा वेळ ने-आण करण्यात जातो, काम शून्य. स्वॅपसारखी ने-आण करून लहान ओटा मोठा भासवण्याची कल्पना मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ मध्ये प्रत्यक्षात आली होती. तिचा हा आजार पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये नीट उलगडून दाखवला. त्याला थ्रॅशिंग म्हणतात. आपल्याकडे मळणी यंत्राला थ्रेशर म्हणतात, त्याच कुळातला हा शब्द. फरक एवढाच की इथे यंत्र धडधडत राहते आणि दाणा काही पडत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला ठरावीक काळात खरोखर लागणारा पानांचा एक संच असतो, आणि सर्वांच्या संचांची बेरीज ओट्यावर मावत नसेल तर कितीही हुशारीने ने-आण केली तरी उपयोग नाही, हे डेनिंगने दाखवले. अशा वेळी कुणाला तरी थांबवलेच पाहिजे.

बँकेवर अशी वेळ आली तर तिला वडीलधारे माणूस असते. शाखेत रोकड कमी पडली तर करन्सी चेस्टमधून मागवता येते. साऱ्या बँकेलाच चणचण भासली तर रिझर्व्ह बँक उसने देऊ शकते. कर्नेलच्या मागे रिझर्व्ह बँक नाही. मेमरी छापता येत नाही. दिलेले वायदे परत घेण्याचीही सोय नाही, कारण प्रोग्रॅमला 'मंजूर' हा शब्द कधीच मिळालेला असतो आणि आता तो फक्त आपल्या जागेत एक अक्षर लिहू पाहतो आहे. तिथे 'नाही' म्हणायला खिडकीच नाही.

मग उरतो तो शेवटचा उपाय. लिनक्समध्ये त्याचे नावच आउट ऑफ मेमरी किलर असे आहे: मेमरी संपल्यावरचा मारेकरी. रिक व्हॅन रील या डच प्रोग्रॅमरने १९९८ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. कल्पना सरळ आहे. साऱ्यांनी एकदम गुदमरण्यापेक्षा एकाला संपवायचे आणि त्याच्या जागेत बाकीच्यांना जगवायचे. प्रत्येक प्रोग्रॅमला गुण दिले जातात. ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला कर्नेल तत्काळ बंद करतो. सूचना नाही, अर्धवट काम जतन करायला अवधी नाही.

गुण कसे द्यायचे यावर बरीच वर्षे खल झाला. सुरुवातीच्या नियमात अनेक सवलती होत्या: फार वेळ चालत आलेल्याला थोडी सूट, यंत्राच्या प्रशासकाने सुरू केलेल्या कामाला सूट, कमी महत्त्वाचे म्हणून नोंदलेल्याला जास्त गुण. २०१० मध्ये हे सारे मोडून नियम सोपा करण्यात आला. आता मुख्य प्रश्न एकच: या घडीला तू एकूण मेमरीतला किती हिस्सा प्रत्यक्ष अडवून बसला आहेस? मागणी किती केली होती, याला महत्त्व नाही. उचल किती, हे पाहायचे. जो सर्वांत मोठा, तो जातो. एकाच घावात जास्तीत जास्त जागा सुटते आणि कमीत कमी जणांना झळ लागते.

या कामातली एक बारीक अडचण मला कादंबरीकार म्हणून फार खरी वाटली. प्रोग्रॅमला मरायलाही थोडी मेमरी लागते. आवराआवर करायची, हातातल्या किल्ल्या परत करायच्या, यालाही पाने हवीत, आणि पाने तर संपलेली. म्हणून ज्याची निवड झाली त्याला कर्नेल मृतसाठ्यातून घेण्याची मुभा देतो. तरीही काही प्रोग्रॅम दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत अडकून राहत. म्हणून २०१६ मध्ये आणखी एक कामगार नेमला गेला. निवड झालेला अडकून बसला, तर त्याची पाने हा कामगार बाहेरून गोळा करतो.

'जो मोठा तो जातो' हा नियम न्यायाचा आहे काय? आखाजीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या शाखेत काय होई ते सांगतो. लग्नसराई चालू, लेकी माहेरी यायच्या, प्रत्येकाला हातात रोकड हवी. तेव्हा यूपीआय नव्हते. चेस्टमधून रोकड यायला दुपार होणार असेल, तर सकाळी आमचे हेड कॅशियर शंभर-दोनशे-पाचशे काढणाऱ्यांचे टोकन आधी पुकारत आणि मोठ्या आडत्याला म्हणत, 'शेटजी, तुमची रक्कम मोठी. दुपारी गाडी येते आहे, तोवर चहा घ्या.' शेटजी बसत, पण म्हणत, 'पैसे आमचे, सगळ्यांत जास्त ठेव आमची, आणि थांबायचे आम्हीच?' दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. एका शेटजींना थांबवले की ऐंशी घरांचा बाजार होतो. पण शेटजींची रोकड अडली की बाजार समितीत ज्यांचा माल तोलून झाला आहे, त्या शेतकऱ्यांचेही पैसे अडतात. मोठा माणूस नेहमी एकटा नसतो.

कर्नेलचे नेमके हेच दुखणे आहे. एखाद्या बँकेच्या संगणकावर सर्वांत मोठा प्रोग्रॅम कोणता असेल? सगळ्या खात्यांची माहिती सांभाळणारा डेटाबेस. त्याच्याचसाठी तर यंत्र विकत घेतलेले असते. बाकीचे लहानसहान प्रोग्रॅम त्याच्या सेवेला. त्यांतल्या एखाद्याने गळक्या नळासारखी मेमरी खायला सुरुवात केली आणि ऐनवेळी जागा संपली, तर कर्नेल गुणपत्रिका पाहतो आणि घाव डेटाबेसवर घालू शकतो. यंत्र वाचते. ज्या कामासाठी ते होते, ते काम जाते.

कर्नेलला पाने मोजता येतात, पण महत्त्व मोजता येत नाही. म्हणून यंत्र चालवणाऱ्या माणसाला एक मुभा ठेवली आहे. प्रत्येक प्रोग्रॅमला आधीच एक आकडा देता येतो, उणे १००० पासून अधिक १००० पर्यंत. अधिक १००० म्हणजे प्रसंग आला तर आधी याला न्या. उणे १००० म्हणजे अवध्य. काहीही झाले तरी याला हात लावायचा नाही. यंत्र सुरू होताच जन्मणारा पहिला प्रोग्रॅम आणि कर्नेलचे स्वतःचे कामगार मुळातच अवध्य आहेत. बाकी कुणाला अभय द्यायचे ते माणसाने ठरवायचे, आणि ओटा मोकळा असताना ठरवायचे.

मग सगळ्यांनाच उणे १००० दिले तर? ही शंका कुणालाही यावी. उत्तर असे की मेमरी संपते, कर्नेल यादी पाहतो, मारण्याजोगा एकही सापडत नाही, आणि तो सारे यंत्रच थांबवतो. त्या अवस्थेला पॅनिक म्हणतात. सगळ्यांना अभय म्हणजे कुणालाच अभय नाही.

फोनमध्ये नियम जरा निराळा लावला आहे, कारण तिथे यजमान समोर बसलेला असतो. तुमच्या डोळ्यांसमोर असलेल्या ॲपला अँड्रॉइड शून्य आकडा देतो. मागे पडून असलेल्यांना ९०० आणि त्याहून अधिक. निवड करताना मोठा कोण यापेक्षा आत्ता कुणाची गरज कमी, हे आधी पाहायचे. तुम्ही पत्रिका पाहायला गेलात तेव्हा लेखाचे पान मागे पडले आणि त्याचा आकडा वाढला. कॅमेऱ्याला भरपूर जागा लागली, आणि लेख गेला. मात्र अँड्रॉइडमध्ये ॲप नजरेआड होताना त्याला सूचना मिळते: जपण्यासारखे असेल ते आत्ताच लिहून ठेव. ज्या ॲपच्या कर्त्यांनी ती मनावर घेतली, ते ॲप परत उघडल्यावर तुम्हाला त्याच ओळीवर आणून सोडते. आयफोनचा कर्नेल वेगळा आहे, पण जागेची चणचण पडली की तोही मागे पडलेली ॲप बंद करतो.

अलीकडे आणखी एक सुधारणा झाली. पूर्वी टंचाई ओळखायची म्हणजे किती पाने उरली ते पाहायचे. २०१८ च्या अखेरीस लिनक्समध्ये दाब मोजण्याची सोय आली: प्रोग्रॅमांचा किती टक्के वेळ मेमरीची वाट पाहण्यात वाया जातो आहे, ते मोजायचे. तिजोरीतल्या नोटा मोजण्याबरोबर खिडकीपुढची रांग किती वेळ हललेली नाही हेही पाहण्यासारखे आहे हे. अनुभवी शाखाधिकारी सकाळी साडेअकरालाच रांगेकडे पाहून चेस्टला फोन करीत असे. मारेकऱ्यापर्यंत गोष्ट जाऊ देत नसे. आता मोठ्या यंत्रांवर असे पहारेकरी प्रोग्रॅम बसवलेले असतात.

हे सारे वाचताना मला आपल्या खान्देशातली फड पद्धत वारंवार आठवली. धुळे जिल्ह्यात पांझरेवर, आणि नाशिककडे मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वीपासून लहान बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या पाटाखालची जमीन काही फडांत विभागलेली. कोणत्या फडात कोणते पीक आणि कोणत्या फडाला पाणी, हे नदीत पाणी किती आहे ते पाहून गावाने हंगामाआधी ठरवायचे. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या. टंचाईच्या वर्षी सगळ्या पिकाला निम्मे पाणी देत बसले तर सगळेच पीक जाते. म्हणून एखादा फड पुरता कोरडा ठेवायचा आणि बाकीच्यांना पुरेसे पाणी द्यायचे. इथपर्यंत गावाचा आणि कर्नेलचा हिशेब एकच: अर्ध्या पानांवर प्रोग्रॅमही जगत नाही. पण गावाने एक पाऊल पुढे टाकले होते. शेतकऱ्यांची जमीन साधारणपणे निरनिराळ्या फडांत थोडी थोडी असे. फड कोरडा राहिला तर झळ सगळ्यांना थोडी थोडी बसे आणि एकाचेच घर बसत नसे.

कर्नेलला हे साधत नाही. त्याच्या गावात प्रत्येकाची जमीन एकाच फडात आहे. गेला तो पुरता जातो. २००८ पासून लिनक्समध्ये प्रोग्रॅमांचे गट पाडून प्रत्येक गटाला मेमरीची वेगळी मर्यादा घालता येते, म्हणजे एका गटाने उधळपट्टी केली तर घाव त्याच गटात पडतो, शेजाऱ्यावर नाही. बांध घालून दिला, एवढेच. नुकसान वाटून घेण्याची रीत मात्र माणसांनाच सुचली.

माणसांनी ती बँकेतही आणली. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर संसदेने कायदा केला आणि १९६२ मध्ये ठेव विमा सुरू झाला. सुरुवातीला संरक्षण १,५०० रुपयांपर्यंत होते. २०२० मध्ये ते ५ लाख झाले. हप्ता सगळ्या बँका भरतात. म्हणजे एका बँकेचा फड कोरडा पडला तर लहान ठेवीदाराला आधार सगळ्यांनी मिळून द्यायचा. आमचे हेड कॅशियर आखाजीला जे करीत, तेच कायद्याने सबंध देशासाठी केले.

आणि पाण्याचे आकडे? पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क, यावर वाद नाही. दुसरा कुणाचा, यावर आहे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेतीला दुसरे स्थान दिले गेले. हा कुणाला उणे आकडा आणि कुणाला अधिक, याचाच निर्णय. जामदा बंधाऱ्याच्या कालव्यावर कापूस-केळीचे शेत असलेल्या माणसाचे वर्ष अशा क्रमावर ठरते. धरण भरलेले असताना त्या क्रमाकडे कुणी पाहत नाही. पाणी मृतसाठ्याला टेकले की सगळे पाहतात आणि तेव्हा प्रत्येकाला अवध्य व्हायचे असते.

लिनक्सबद्दलची मला सर्वांत आवडलेली गोष्ट शेवटी सांगतो. मारेकऱ्याचा सारा मजकूर एकाच फायलीत आहे आणि ती जगात कुणालाही उघडून वाचता येते. चालू यंत्रावरही प्रत्येक प्रोग्रॅमच्या नावापुढे त्याचे आत्ताचे गुण लिहिलेले असतात. मेमरी भरपूर मोकळी असतानाही ते पाहता येतात. उद्या टंचाई आली तर पहिला नंबर कुणाचा, हे आजच कळते; पटत नसेल तर यंत्र सांभाळणाऱ्याला आकडा बदलायला आजचा सबंध दिवस मोकळा असतो. आपल्या पतसंस्थांत, पाणीवाटपात, आपल्या घरांतही अशी यादी कुठेतरी असतेच. ती भिंतीवर लावलेली असते का, एवढाच प्रश्न आहे.